जूनच्या आत दावा दाखल व्हायला हवा

नागपूर, 8 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, "वावर आपल्याच ताब्यात आहे, कपाशी आपणच वेचतो, मग कोर्टाची घाई कशाला?" असे तुम्ही विचारलेत. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

2019 मध्ये कर्जाचे कागद म्हणून घरच्याच माणसाने तुमचा अंगठा घेतला आणि ते खरेदीखत निघाले. असे खरेदीखत रद्द करून मागण्यासाठी 1963 च्या मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजली जातात. पटवाऱ्याकडून सातबारा आणला तेव्हा, म्हणजे जून 2023 मध्ये, आपल्याला ती कळली. वावर आपण वाहतो म्हणून ही मुदत थांबत नाही. पारावर ज्या बारा वर्षांची चर्चा होते, ती मालकीहक्काने ताबा परत मागण्याची मुदत आहे. कागदाचे स्वरूपच लपवल्याने दस्त मुळातच निरर्थक ठरतो, असा युक्तिवाद वकील करतीलही. पण तो मान्य होईलच या भरवशावर हा जून जाऊ द्यायला माझे मन धजत नाही.

समोरचे म्हणतील की दस्त नोंदणीकृत होता, तेव्हा 2019 मध्येच कळायला हवे होते. पुरेशी काळजी घेतली असती तर फसवणूक कधी उघड झाली असती, हेही न्यायालय पाहते. त्यांनी चार वर्षे कागद दडवून फेरफार 2023 मध्ये केला, ही आपली भक्कम बाजू आहे. म्हणून आई, पेटीतला तारखेचा तो सातबारा आणि फेरफाराची नोटीस जिवापाड जप.

उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या अपिलाने फार तर फेरफार रद्द होईल, खरेदीखत नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलाला चालतो, मूळ दाव्याला चालत नाही. मुदतीबाहेरचा दावा तर समोरच्याने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला फेटाळावाच लागतो.

भावकीला कोर्टात ओढणे तुम्हाला किती जड जाते, हे मी जाणते. पण दिवाळीनंतर चार माणसे बसवू म्हणता म्हणता तीन दिवाळ्या गेल्या, आणि बोलणी चालू आहेत म्हणून मुदत वाढत नाही. दावा दाखल करूनही समेट करता येतो.

मी शनिवारी येते. सोमवारी दारव्ह्याला वकिलांकडे जाऊ. तोवर कोणीही आणलेल्या कागदावर अंगठा देऊ नका.

तुमची लेक