ओसरीवरच्या तुझ्या प्रश्नाविषयी

चि. अद्वैत यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत ओसरीवर राजकारणाचा विषय निघाला तेव्हा तू मला विचारलेस, "आई, तू नेमकी कोणाच्या बाजूची आहेस?" मी तोंड उघडण्याआधीच उत्तरही तूच देऊन टाकलेस, की वय झाले की माणसाचा कोणावरच विश्वास राहत नाही आणि मग तो त्यालाच अनुभव म्हणू लागतो. मला राग आला होता, म्हणून चकल्यांचे निमित्त करून मी आत गेले. आता राग निवळला आहे. फोनवर तू मध्येच बोलतोस, पत्रात तुला तसे करता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी तेरा वर्षांची असताना आणीबाणी लागली. तुझे आजोबा खादीधारी, रोज सूत कातणारे, आणि विनोबांचा आश्रम असलेले पवनार आमच्या गावापासून सायकलीच्या अंतरावर, त्यामुळे घरात विनोबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. विनोबा त्या वर्षी मौनात होते. त्या मौनातून बाहेर आलेले 'अनुशासन पर्व', म्हणजे शिस्तीचा काळ, हे दोन शब्द आणीबाणीचे समर्थन म्हणून बघता बघता सरकारी भिंतींवर रंगवले गेले. माझे काकाही सर्वोदयाचेच, परंतु ते आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाशांच्या बाजूला गेले होते आणि त्यापायी सात महिने नागपूरच्या तुरुंगात होते. परवानगी मिळेल तेव्हा आजोबा त्यांना भेटून येत आणि घरी आल्यावर सांगत, की विनोबांनी म्हटले आहे त्या अर्थी त्यात काहीतरी असणार. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटले आणि विनोबांनी स्पष्ट केले की अनुशासन असते ते आचार्यांचे, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. आजोबांचा जीव भांड्यात पडला. काका सुटून आले तेव्हा आजोबांनी मोठ्या उमेदीने त्यांना हा खुलासा सांगितला. काकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "मग भिंतीवरचे कोणी पुसले का?"

त्या घरात त्यानंतरही विनोबांची तसबीर होती आणि आज ती माझ्याकडे आहे. मी त्यांना सोडले असे समजू नकोस. मात्र मोठ्या माणसाने काय म्हटले यावर घरातले वाद मिटवण्याची सवय त्या दिवशी सुटली.

आता कापसाविषयी सांगते, कारण माझी मते पुस्तकांपेक्षा कापसाच्या बैलबंडीमागे चालताना अधिक बनली आहेत. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा आजोबांना फार आनंद झाला होता, कारण व्यापाऱ्याची काटामारी त्यांनी आयुष्यभर सोसली होती आणि आता सरकारच कापूस घेणार होते. मी अकरा-बारा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर तालुक्याच्या खरेदी केंद्रावर गेले. बंड्यांची रांग इतकी लांब होती की आम्ही दोन रात्री बंडीखाली काढल्या. तिसऱ्या दिवशी ग्रेडर आला. त्याने बंडीच्या कडेने हात खुपसून चिमूटभर कापूस उपसला, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणून तोडला आणि दुसरीकडेच पाहत ग्रेड सांगितली. एवढ्या वेळात वर्षभराच्या कष्टाचा निकाल लागला. गावात कोणापुढे न वाकणाऱ्या आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, हे मी पाहिले, आणि मी पाहिले हे त्यांनीही पाहिले. परत येताना ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढे चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, महिनोन्‌महिने रखडे, आणि कापूस राज्याबाहेर नेण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे रात्री मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडे बंड्या नेणाऱ्या शेतकऱ्याला चोर म्हणत. स्वतःच्या शेतातला कापूस विकणारा माणूस चोर कसा, याचे उत्तर मला ना काँग्रेसवाल्या शेजाऱ्यांनी दिले, ना सर्वोदयवाल्या काकांनी.

ते शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी दिले. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतलेला हा माणूस भाषणात आकडे मांडत असे आणि ते आकडे आमच्या ओळखीचे असत. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे ऐकताना मला आजोबांच्या हातातली टोपी आठवे. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये मी आणि तुझी आजी ट्रकमध्ये बसून चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेलो. एवढ्या बायका एका जागी मी त्याआधी केवळ जत्रेत पाहिल्या होत्या, आणि जत्रेत त्या नवस फेडायला येतात, इथे त्या हिशेब मागायला आल्या होत्या. परत आले ती मी पुरती संघटनेची होऊन. सरकार बाजूला झाले की शेतकरी उभा राहील, अशी माझी पक्की श्रद्धा होती, आणि दुसऱ्याच वर्षी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणजे सरकारच्याच पगारावर रुजू झाले, यातली विसंगती मला कित्येक वर्षे दिसली नाही. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात आजोबांनी दोन एकर आजीच्या नावाने केली. सातबाऱ्यावर आजीचे नाव चढले, गावाने टाळ्या वाजवल्या, परंतु कापसाचा चुकारा अखेरपर्यंत आजोबांच्याच हाती येत राहिला. आजीला याचे वाईट वाटले नाही. मला वाटले.

माणूस तरुणपणी डावा असतो आणि वयाबरोबर उजवा होतो, असे तुम्ही मुले कुठेतरी वाचता. माझे नेमके उलटे झाले. चोविसाव्या वर्षी मी खुल्या बाजाराची होते आणि पंचेचाळिशीत मी सरकारी खरेदी केंद्र सुरू व्हावे म्हणून तहसीलदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तुझ्या मामाला लिहून देत होते. मधल्या काळात एकाधिकार मोडला होता. २००२ नंतर खाजगी खरेदी खुली झाली, त्याचा आम्ही आनंद केला, आणि थोड्याच वर्षांत मामा जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून ओलाव्याच्या नावाखाली किती किलो कापले हे मला फोनवर सांगू लागला. ग्रेडरच्या अंगठ्यांच्या जागी ओलावा मोजायचे यंत्र आले होते आणि त्याचा आकडा वाचून सांगणाराही दुसरीकडेच पाहत होता. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, आपल्या वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ ची कर्जमाफी आली तेव्हा पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. मामाची साडेसात एकर, सगळी कोरडवाहू, म्हणून तो मोठा शेतकरी ठरला आणि त्याने ७५ टक्के आधी भरले तर २५ टक्के सूट मिळणार होती. ज्याच्याकडे पाण्याखालची पाच एकर होती तो लहान ठरून सुटला. हा निकष कोणी वाईट हेतूने लावला असे मी म्हणत नाही. दिल्लीत बसून हेक्टर मोजता येतात, पाऊस मोजता येत नाही, एवढेच म्हणते.

तू मला संशयी म्हणतोस त्याचे मूळ इथे आहे. सरकार चांगले की बाजार चांगला, या वादात मी कधी एका तर कधी दुसऱ्या बाजूने उभी राहिले, आणि दोन्ही वेळा फाटकाशी कोण उभा आहे, माप कोणाच्या हातात आहे आणि तक्रार करायची तर कोणाकडे, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. आता कोणी जाहीरनामा हातात दिला की मी आधी हेच विचारते. तुला ते किरकिरे वाटते, कदाचित असेलही.

पक्षांवरची माझी माया मात्र शाळेच्याच खोलीत उतरली. १९९९ ला लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या, पांढरी मतपत्रिका एक आणि गुलाबी एक, आणि माझ्याकडे बोटाला शाई लावण्याचे काम होते. राष्ट्रवादी नुकतीच काँग्रेसमधून फुटली होती. दोन्हीकडचे मतदान प्रतिनिधी एकाच आळीतले, लहानपणापासूनचे मित्र, परंतु दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसले. एकाने पाणी मागितले तरी दुसऱ्याने तांब्या पुढे केला नाही. दिवाळी यायच्या आत दोन्ही पक्षांचे मिळून सरकार स्थापन झाले. वरची माणसे शपथविधीला शेजारी बसली, आणि आळीतले ते दोघे त्यानंतर बरीच वर्षे बोलत नव्हते. महाराष्ट्राने पुढे याहून लांबच्या उड्या पाहिल्या, त्या तुला सांगायला नकोत. तू ज्या मित्राशी निवडणुकीपासून बोलत नाहीस, त्याच्या आईने मला परवा बाजारात तुझी खुशाली विचारली, एवढे कळवते.

त्याच दिवशी सायंकाळी मतदान संपता संपता एक म्हातारी पारधी बाई चालत आली. तिच्या बोटाला शाई लावताना नखाभोवतीची कातडी इतकी फुटलेली होती की शाई भेगांत उतरली. ती निघून गेल्यावर केंद्राध्यक्षांनी पेटी सील केली, प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या, क्रमांक मोठ्याने वाचून दाखवले. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत त्या सीलच्या आणि सह्यांच्या कामात मी जीव ओतला. कोणावरच विश्वास नाही हे तुझे म्हणणे म्हणूनच मला मान्य नाही.

आता जे तुला दिसले नाही आणि मामाला दिसले ते सांगते, कारण ते लपवून हे पत्र पुरे करणे मला पटणार नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा मी निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेली, म्हणजे माझी जुनी पेन्शन सुरक्षित, तरीही माझ्या शाळेतल्या तरुण शिक्षिकांबरोबर मी वर्ध्याच्या मोर्चात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत चालले. परत येताना मामाकडे थांबले. त्याच्या घरात त्या हंगामाचा कापूस भाव वाढेल या आशेने तसाच पडून होता, एक अख्खी खोली छपरापर्यंत भरलेली, आणि त्याच्या धुळीने सगळ्यांना खाज सुटली होती. त्याने मला चहा दिला आणि विचारले, "ताई, आम्ही भाव मागितला की तिजोरी रिकामी असते. तुमच्या मोर्चाच्या दिवशी ती भरते का?"

ज्या बाईने ग्रेडरपासून पंतप्रधानांच्या पॅकेजपर्यंत सगळ्यांना माप विचारले, तिने हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मी त्याला काहीबाही सांगितले, की बाईमाणसाला म्हातारपणी आधार नको का, मुलांवर किती भार टाकायचा. त्याने मान हलवली. त्याच्या बायकोला कोणती पेन्शन आहे हे त्याने विचारले नाही, हा त्याचा चांगुलपणा.

संक्रांतीला तू येणारच आहेस. आपण मामाकडे जाऊ. मी त्याला तोच प्रश्न तुझ्यासमोर पुन्हा विचारायला सांगणार आहे, आणि तुझ्या पक्षाकडे त्याचे उत्तर असेल तर ते तू त्यालाच दे. माझे अजून तयार नाही. येताना तुझ्या बाबांची गुडघ्याची गोळी तिकडून घेऊन ये, इथे ती संपली आहे.

तुझी,
आई