आयटी शाखा बंद करायला निघालेल्यांना

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आयटीची वेगळी पदवी कशाला, कॉम्प्युटरमध्येच विलीन करून टाका, हा कालच्या अंकातला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखकांचा अभ्यास असेल, त्याबद्दल आदर आहे, पण दोन्हींचा सिलॅबस सारखाच असतो हे कारण मला अजिबात पटलं नाही. सारखा असेलही, पण तो केला कोणी? तेच शिक्षक, तीच लॅब, सेमिस्टरला एक-दोन विषय तेवढे वेगळे, मग दुसरं काय होणार. आधी शाखा नीट उभी करायची नाही आणि नंतर ती उभी राहिली नाही म्हणून बंद करायची, हा कुठला न्याय?

माझ्या मुलीनं बीएस्सी आयटी केलंय. एका सरकारी भरतीत लेखी परीक्षेत तिचं नाव लागलं, काम काय तर ऑफिसचं नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळायचे, बॅकअप घ्यायचे, कर्मचाऱ्यांच्या अडचणी सोडवायच्या, म्हणजे ती तीन वर्षं जे शिकली नेमकं तेच. डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला टेबलावरच्या साहेबांनी जाहिरातीवर बोट ठेवलं, इथे कॉम्प्युटर सायन्स लिहिलंय, तुमचं आयटी आहे. तिनं मार्कशीटवरचे विषय दाखवले, ते बघायलाही तयार नाहीत. समकक्षतेचं, म्हणजे दोन्ही पदव्या सारख्याच धरल्या जातात असं पत्र आणा म्हणाले, ते कोणी द्यायचं हे मात्र कोणी सांगेना, आणि या धावपळीत निवड यादी लागूनही गेली. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आता तुमचे लेखक म्हणतात दोन्ही एकच आहे. मग त्या टेबलावर वेगळं कसं झालं?

एसीएम आणि आयट्रिपलई या कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंग क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००५ च्या अहवालातच कॉम्प्युटर सायन्स, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन सिस्टिम्स आणि आयटी अशी पाच वेगळी क्षेत्रं मांडली होती, २००८ मध्ये आयटीच्या पदवीचा स्वतंत्र आराखडा आला, २०१७ मध्ये तो नव्याने केला. आपल्याकडे अजून शाखा ठेवायची की नाही हीच चर्चा.

आणि २०१७ म्हटलं की मुंबई विद्यापीठाचं ऑनस्क्रीन मार्किंग, म्हणजे उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासणं, आठवतं. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, शिक्षकांना शिकवायचं, सिस्टिमवर लोड किती येईल ते बघायचं, कुठली पत्रिका कोणाकडे गेली याचा हिशोब ठेवायचा, आणि हे सगळं ऐन परीक्षेच्या तोंडावर. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल पुढे रखडले, पोरांचे पुढचे प्रवेश अडले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढलं. नुसता चांगला प्रोग्रॅम लिहिणारा माणूस असून हे टळलं नसतं, चालू संस्थेत नवी सिस्टिम बसवायची कशी, माणसांना त्यावर आणायचं कसं हे शिकलेला माणूस लागतो. आयटीच्या पदवीत हेच शिकवायला हवं आणि त्यासाठी त्या विषयाचेच शिक्षक भरायला हवेत. घड्याळी तासांवर नेमलेल्या माणसाकडून किती अपेक्षा करणार?

दुसरं म्हणजे तुमच्या प्रवेश पुरवणीत दरवर्षी पॅकेजचे आकडे आणि क्लासच्या जाहिराती असतात. त्यात एकदा तरी कॉम्प्युटर आणि आयटीचे विषय शेजारी शेजारी छापा, पालकांना फॉर्म भरताना उपयोग होईल. आणि सरकारी भरतीच्या जाहिरातीत आयटीची पदवी नावानिशी लिहावी यासाठी तुमच्या पेपरने पाठपुरावा करावा ही कळकळीची विनंती. पुढच्या भरतीच्या आत झालं तर बरं.

आपला,
एक पालक, डोंबिवली