चाचा, तुमची पाण्याची बाटली अजून माझ्याकडेच आहे

चाचा, सलाम.

फोनवर तुम्ही हिरवं आणि लाल, एवढी दोनच बटणं दाबता, त्यामुळे हे पत्र तुमचा नातू वाचून दाखवेल. समोर येऊन बोलायचं म्हटलं तर तुम्ही "त्यात काय ताई" म्हणता, पाना उचलता आणि दुसऱ्या गाडीकडे वळता. म्हणून लिहूनच टाकते.

परवा शाळा सुटल्यावर पन्हाळ्याहून खाली उतरले. वाघबिळापाशी थ्रॉटल पिळला आणि सवयीनं आरशात बघितलं. गेले पाच महिने त्या आरशात मला पांढऱ्या धुराशिवाय काही दिसलं नव्हतं. मागचे लोक नाकाला रुमाल लावायचे, एका एसटीवाल्यानं तर खिडकीतून डोकं काढून "बाई, डास मारायला निघालाय काय?" असं विचारलं होतं. परवा आरशात रस्ता दिसला. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर दिसला, त्याच्या बंपरवरचं लिंबू-मिरचीसुद्धा दिसलं. मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

तुम्हाला अर्धीच हकिकत माहीत आहे. ही यामाहाची आरएक्स-१०० मोटारसायकल अण्णांनी १९९१ साली घेतली. पुढं १९९६ ला कंपनीनं ही गाडीच काढायची बंद केली, तेव्हापासून अण्णा तिला घरच्या म्हशीसारखं जपायला लागले. गुडघे गेले तशी ती सहा वर्षं गोठ्यात कडब्याशेजारी पडून राहिली. यंदा मीच हट्टानं तिचं इंजिन काम करून घेतलं. नवा बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँकचा रॉड, बेअरिंगं. चौदा हजार मोजले.

आणि पहिल्या दिवसापासून धूर.

ज्यानं काम केलं तो म्हणाला, नवं काम आहे, पाचशे किलोमीटर धूर मारणारच. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर टू-टी तेलही जाळते, म्हणून थोडा धूर मारते हे मलाही कळतं हो, अण्णांच्या मागे बसून तोच वास घेत मी मोठी झाले. पण आठशे किलोमीटर झाले तरी धूर वाढतच होता. प्लग तीस-चाळीस किलोमीटरमध्ये तेलानं चिंब काळा व्हायचा आणि मग मिसिंग. दोन फटके, मग एक गप्प, परत दोन फटके. माझ्या पर्समध्ये डब्याशेजारी दोन जादा प्लग आणि प्लगपाना असायचा. चढावर थांबून मी प्लग बदलायचे आणि वर्गात काळ्या नखांनी खडू धरायचे. चौथीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, तुमी पेंटर हाय काय?"

दुसरा 'आरएक्स स्पेशालिस्ट'. बोर्ड हा एवढा मोठा. त्यानं ऐकून न घेताच ऑइल पंपाचं तेल कमी करून टाकलं. धूर तसाच राहिला, वर इंजिन जाम होता होता वाचलं. तिसऱ्यानं पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, सायलेन्सर जाळून आणला. शेवटी काही सापडेना तेव्हा माझ्या डोक्यावरून दाजींकडे बघत म्हणाला, "मॅडमना हाफ क्लचवर चालवायची सवय असेल. त्यांना एक स्कूटर घेऊन द्या." पैसे मात्र मॅडमच्याच पर्समधून घेतले.

या सगळ्यानंतर उद्यमनगरात तुमच्याकडे आले तेव्हा मी दाजींना मुद्दाम पुढं घातलं होतं. म्हटलं, पुरुष माणूस बोलला तर निदान ऐकतील तरी. तुम्ही गाडी चालू करायला लावलीत, सायलेन्सरमागे उकिडवे बसलात, धुरातून हात फिरवून तळव्याचा वास घेतलात. मग विचारलंत, "जास्त धूर कधी मारती?" दाजींनी सुरुवात केली, "तसं काय आहे, ही गाडी..." आणि तुम्ही तो ग्रीसनं काळा झालेला तळवा वर केलात. "गाडी ताई चालवतात न्हवं? त्यांना सांगू द्या."

बस, एवढंच. चाचा, पाच महिन्यांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. तुम्ही शेजारच्या पोराला ग्राइंडर बंद करायला लावलंत आणि माझ्याकडे बघत थांबलात. मला उत्तर माहीत होतं, पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं! चढाला धूर कमी असतो. घाट उतरताना थ्रॉटल बंद करून आले आणि खाली येऊन पिळला की मागे ढग उठतो. मी एवढं म्हणाले आणि तुमचा चेहरा बदलला. तुम्ही हसलात.

मग तुम्ही सांगितलंत ते मी आता शाळेत सगळ्यांना सांगत सुटते. टू-स्ट्रोकचं पोटसुद्धा, म्हणजे पिस्टनखाली क्रँक फिरतो ती जागा, श्वास घेतं. उतारावर थ्रॉटल बंद, म्हणजे वरून हवा मिळत नाही. "मग मिळंल तिथनं ओढती ती." क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, धड नसेल तर शेजारचं गिअर ऑइलच ओढून घेते आणि जाळते. "हा टू-टीचा वास न्हाई, गिअरच्या तेलाचा हाय," असं तुम्ही वासावरूनच म्हणाला होतात. तरी त्या दिवशी इंजिनाला पाना लावला नाहीत. स्वतःच्या पाण्याची बाटली रिकामी केलीत, पुसून कोरडी केलीत, नवं गिअर ऑइल आधी तिच्यात ओतून मार्करनं रेघ मारलीत आणि मग गाडीत भरलंत. "तीन दिवस चालवून आणा. उगं माझ्या बोलण्यावर इंजिन खोलू नका."

तीन दिवसांनी तेल काढून त्याच बाटलीत ओतलं. थोडं आत चिकटून राहतं, ते सोडा; पण रेघेच्या खाली चांगलं दोन बोटं कमी. तुम्ही दुसरी रेघ मारलीत आणि दोन रेघांमधल्या रिकाम्या जागेवर नख टेकवलंत. "हे तुमच्या आरशात दिसत हुतं."

उघडल्यावर ते सील माझ्या हातावर ठेवलंत. कोरं करकरीत, पण आतला रबराचा ओठ एका जागी दुमडलेला, मागची केसासारखी बारीक स्प्रिंग निसटलेली. बसवतानाच घाई झालेली. दाजी त्या पहिल्या मिस्त्रीला शिव्या घालायला लागले तेव्हा तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "माझ्याकडनं बी झालंय हो एकदा. गिऱ्हाईक चार वेळा परत आलं तवा कळलं."

मी घरी जाताना तेच घोळवत होते. माझ्याकडून झालंय, असं म्हणणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजीन. आमच्या स्टाफरूममध्ये तर एकही नाही, मी धरून. गेल्या वर्षी एका पोराचं उत्तर बरोबर असताना मी चूक दिलं होतं आणि त्यानं दाखवल्यावर त्यालाच गप्प बसवलं होतं. तो आता पाचवीत आहे. सोमवारी त्याला बोलावून सांगितलं. तो गोंधळला आणि "हो बाई" म्हणून पळाला.

अण्णा आता संध्याकाळी सोप्यात बसून माझी वाट बघतात. गाडी वळणावर आली की आवाजावरूनच सांगतात, "आली." काल म्हणाले, सायलेन्सर जरा जास्त वाजतोय, त्या चाचाला दाखव. काही वाजत नाहीये. त्यांना तुम्हाला भेटायचंय, मला कळतं.

शनिवारी अर्धी शाळा असते, त्यांना घेऊन येईन. तुमच्यासाठी नवी बाटली आणते. ती दोन रेघांची मात्र मागू नका, माझ्या खिडकीत आहे.

तुमची,
आरएक्सवाली बाई