ऑझी गेल्यावर वटवाघूळच का आठवावं?

संपादक, सप्रेम नमस्कार,

ब्लॅक सबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्न २२ जुलै २०२५ ला गेला. त्याच्या अडीच आठवडे आधी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचं गायला. पार्किन्सन्समुळे उभं राहणं जमत नव्हतं तरी गायला. आणि आपल्याकडे ज्या बातम्या मी वाचल्या त्यात १९८२ साली स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावल्याचा किस्सा हमखास होता, पण ब्लॅक सबाथचा कुठला अल्बम ऐकावा आणि का ऐकावा यावर मला मराठीत एक ओळ सापडली नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण या माणसांनी एक अख्खा संगीतप्रकार उभा केलाय. तुमच्या पुरवणीत नाट्यसंगीत, गझल, जुनी हिंदी गाणी यांवर छान लिहून येतं, मी आवडीने वाचते, पण हेवी मेटल म्हटलं की 'गोंगाट' एवढ्यावर विषय संपतो. म्हणून सध्या मी जे ऐकतेय त्याबद्दल लिहितेय, जमलं तर छापा.

सबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा, शुक्रवार होता तो. सुरुवातीला पाऊस, लांबून घंटा आणि मग गिटारवर फक्त तीन सूर: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. आपण यमन ऐकत मोठे झालेलो, आपल्याला तीव्र मध्यम गोड लागतो कारण तिथे तो पुढे पंचमाकडे घेऊन जातो, इथे सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी त्याच्यावरच थांबतो आणि तो सूर थरथरवत ठेवतो, आणि त्या तेवढ्यानेच अंगावर काटा येतो. तेव्हा वेग नाही, आरडाओरडा नाही, अगदी संथ चाललेलं असतं सगळं.

आयोमीची गोष्ट तर प्रत्येक गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलाला सांगावी अशी आहे. वयाच्या १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे नेमकी तीच बोटं तारा दाबायची. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, तारा हलक्या घेतल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'पर्यंत गिटार चक्क तीन पट्ट्या खाली उतरवली म्हणजे तारा ढिल्या होतील आणि दाबायला त्रास कमी होईल. त्या खाली उतरलेल्या गिटारचा जो जड, खोल आवाज आला तो पुढे असंख्य बँडनी उचलला. हा अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा आहे, आणि ज्यांना सगळं एकसारखं वाटतं त्यांनी त्यातलं 'सॉलिट्यूड' ऐकावं, आयोमीच त्यात बासरीसुद्धा वाजवतो, आणि लगेच पुढच्या 'इंटू द व्हॉइड'मध्ये गिटार पुन्हा डोंगराएवढी होते.

ऑझी गेल्यावर, म्हणजे १९७९ मध्ये बँडमधून बाहेर पडल्यावर, त्याच्या जागी गायक म्हणून रॉनी जेम्स डिओ आला आणि 'हेवन अँड हेल' झाला, १९८० चा. हा माझा सगळ्यात लाडका. डिओचा आवाज म्हणजे उंचीने छोट्या माणसाचा प्रचंड आवाज, सुरात पक्का, शब्द न शब्द स्पष्ट. ज्यांना गाण्यात आधी गायक लागतो (आपल्यातले बहुतेक जण तसेच आहेत) त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला ठामपणे वाटतं.

आयर्न मेडन या बँडचा 'पॉवरस्लेव्ह' १९८४ चा. त्याचं शेवटचं गाणं तेरा मिनिटांच्या वर आहे आणि ते इंग्रजी कवी कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवर केलेलं आहे, मध्ये सगळं थांबतं, नुसता बेस आणि जहाजाच्या लाकडांची करकर, त्यावर कवितेच्या ओळी, आणि तिथून दोन गिटार हळूहळू परत चढत जातात. ज्या लोकांना मेटल म्हणजे विचार न करता केलेली आदळआपट वाटते त्यांना मी हेच ऐकवते. मेडनचं मुंबईशी नातंही आहे, १ फेब्रुवारी २००८ ला त्यांचा जगभरचा दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू झाला होता.

नव्यातलं म्हणाल तर जुडास प्रीस्ट या बँडचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड', मार्च २०२४. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचा होता आणि त्या वयात तो ज्या पट्टीत जातो ते ऐकून मी थक्क झाले. गिटारवाला रिची फॉकनर तर २०२१ मध्ये स्टेजवर वाजवत असतानाच त्याची महाधमनी फाटली होती, तशाही अवस्थेत त्याने गाणं पूर्ण केलं आणि मग मोठं ऑपरेशन झालं. दुसरा गिटारवाला ग्लेन टिप्टन, त्यालाही पार्किन्सन्स आहे, तरी या अल्बमच्या गाण्यांत त्याचा वाटा आहेच. कुठेही थकवा जाणवत नाही हो!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डेन्वरच्या ब्लड इनकँटेशन या बँडचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' आला. यात दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या. अतिवेगवान डेथ मेटल (मेटलचा घशातून गुरगुरत गायचा, जास्त आक्रमक प्रकार) चालू असताना एकदम सिंथेसायझरचं मोकळं आकाश उघडतं, सत्तरच्या दशकातल्या पिंक फ्लॉइड या रॉक बँडची आठवण यावी असं, आणि ते जोडकाम कुठे दिसत नाही. मी हा तुकड्यातुकड्यात ऐकला तेव्हा काही कळला नव्हता, सलग ऐकल्यावर कळला.

आता ती घशातली गुरगुर. बऱ्याच लोकांची गाडी तिथेच अडते, आणि मला ते समजू शकतं. त्यांच्यासाठी स्वीडनच्या ओपेथ या बँडचा 'ब्लॅकवॉटर पार्क', २००१. त्यांचा गायक मिकाएल ऑकरफेल्ट एकाच गाण्यात गुरगुरतो आणि पुढच्याच मिनिटाला इतकं हळुवार गातो की हा दुसरा कुणी असेल असं वाटावं, आणि त्या दोन आवाजांमुळेच गाण्यातली कथा उभी राहते. २००८ नंतरच्या अल्बममधून त्याने ती गुरगुर बंदच केली होती, २०२४ च्या 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट'मध्ये ती परत आलीय, त्यामुळे जुने ऐकणारे खूश आहेत, मीही.

आणि हे सगळं परदेशीच आहे असं नाही. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचा 'दशावतार', २०१७, एकेका अवतारावर एकेक गाणं. सिंगापूरचा रुद्र हा १९९२ मध्ये सुरू झालेला बँड वेदान्तावर मेटल करतो, त्यांचा २००५ चा 'ब्रह्मविद्या: प्रायमॉर्डियल आय' शोधून ऐका. दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडच्या 'रक्षक' (२०२२) मधला ढोल तर घरातल्या लहान मुलांनाही नाचवतो. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात एकेकाळी रॉकच्या मैफली गच्च भरायच्या, ते शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथले कार्यक्रम थांबले, तशी मोकळी आणि परवडणारी जागा या मुलांना नंतर मिळाली नाही हेही कुणीतरी लिहायला हवं.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एका अल्बमवर, मेटल असो की आणखी काही, सविस्तर लिहून यावं. किस्से नंतर, आधी सूर, वाद्यं, गायक. आणि कोल्हापूर, नाशिक, नागपूर, कुठेही कुणी मेटल ऐकत असेल तर त्यांनीही आपल्या आवडीचे अल्बम याच सदरात कळवावेत, विशेषतः संथ आणि जड चालीचे, म्हणजे डूम मेटल, कारण त्यात मी सबाथच्या फारशी पुढे गेलेले नाही आणि मला पुढे काय ऐकावं ते हवंय.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे