औषधाचे नाव बदलते, गट बदलत नाही

महोदय,

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर द्राक्षबागा फुलोऱ्यात आल्या, की तासगाव, मिरज, पलूस भागातील बागायतदारांकडून एकच तक्रार ऐकू येते : फुलकिड्यांना (थ्रिप्स या बारीक किडीला) औषध लागू पडत नाही. दोष बहुधा भेसळीला दिला जातो. भेसळ होत नाही असे माझे म्हणणे नाही. पण अस्सल औषधही फुकट जाते आणि त्याचे कारण किडीच्या शरीरात असते.

बागेतील असंख्य फुलकिड्यांपैकी मोजके जन्मतःच वेगळे असतात. काहींच्या अंगात एस्टरेज, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज किंवा सायटोक्रोम पी-४५० ही विकरे (शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) अधिक प्रमाणात तयार होतात आणि विष मज्जातंतूंपर्यंत पोचण्याआधीच ते निष्प्रभ करतात; काहींच्या मज्जापेशींत विष जिथे चिकटायचे त्या प्रथिनाचीच रचना किंचित बदललेली असते. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात, आणि उबदार हवेत २-३ आठवड्यांत यांचीच पुढची पिढी बागेत असते. ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात फळबागांतील सॅन होजे खवले कीड चुना-गंधकाच्या द्रावणाला दाद देत नसल्याचे ए. एल. मेलँडर यांनी १९१४ मध्येच नोंदवले होते.

आपल्याकडे खरी फसगत होते ती औषध बदलताना. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही नावे वेगळी, डबे वेगळे. मात्र औषध किडीच्या शरीरात कसे काम करते यावरून जे गट पाडले आहेत, त्यांत दोन्ही ४ए या एकाच गटातली, किडीच्या मज्जापेशींवर एकाच ठिकाणी काम करणारी. एकानंतर दुसरे फवारणाऱ्या बागायतदाराला आपण औषध बदलले असे प्रामाणिकपणे वाटते, पण किडीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. मग मात्रा वाढवली जाते, तग धरणारेच किडे मागे राहतात आणि घडांवर औषधाचे अंश वाढून निर्यातीचा माल अडतो. पी-४५० सारखी विकरे कधीकधी दोन निरनिराळ्या गटांची औषधेही पचवतात; म्हणून नुसत्या फेरपालटीवर विसंबणेही पुरेसे नाही, फवारण्यांची संख्याच कमी व्हायला हवी.

डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहून औषध माणसाला किती विषारी आहे हे शेतकरी ओळखतो. तसाच गट क्रमांक प्रत्येक डब्यावर ठळक देवनागरी अंकांत छापणे सक्तीचे करावे आणि कृषी सेवा केंद्रांनी तो पावतीवरही लिहावा. कृषी विभागाने पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मदतीने आपल्या तालुक्यांतील फुलकिड्यांचे नमुने दरवर्षी तपासावेत आणि कोणता गट कुठे निकामी ठरत आहे, हे ऑक्टोबर छाटणीपूर्वी गावोगावी जाहीर करावे.

– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव (जि. सांगली)