उन्हाची बेगमी

प्रिय आई-बाबा,

गच्चीवरचा सोलर कुकर ऊन गेल्यावर लगेच गार का होतो, असं बाबांनी विचारलं होतं. उन्हाची उष्णता साठवायची कशी, या प्रश्नाचा शास्त्रज्ञ मारिया टेल्केश यांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला. जन्म 1900, बुडापेस्ट. पुढे त्या अमेरिकेत गेल्या.

1948 साली मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी त्यांनी निव्वळ उन्हावर घर तापवायची सोय केली. घराचा आराखडा एलिनॉर रेमंड यांचा, पैसा अमीलिया पीबडी यांचा. तिघीही बायका, हे मला फार मोलाचं वाटतं. दक्षिणेच्या काचांमागे काळा पत्रा. तिथे तापलेली हवा पंख्यांनी खोल्यांमधल्या कोठ्यांत जायची. कोठ्यांत सुमारे 21 टन ग्लॉबर सॉल्ट होतं, म्हणजे स्फटिकांत पाणी धरून ठेवणारं सोडियम सल्फेट नावाचं मीठ. ते 32 अंशांना वितळतं आणि वितळताना किलोमागे साठेक किलोकॅलरी उष्णता पोटात घेतं. किलोभर पाणी दहा अंशांनी तापवलं तर त्यात दहाच मावतात! रात्री मीठ थिजलं की तीच उष्णता घराला परत.

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र बिघडलं. आई, बरणीतलं रवाळ तूप आठव: दाणे तळाला, पातळ तूप वर. हे मीठ स्वतःच्याच पाण्यात विरघळतं, पण सगळं नाही. उरलेलं तळाशी बसतं. गार होताना मधे स्फटिकांची साय धरते आणि तळच्या मिठाला वरचं पाणी मिळत नाही. मग दर फेरीला थोडं मीठ निकामी होतं. शिवाय मिठाचे डबे गंजून गळायला लागले. कधी तर द्रावण 32 अंशांखाली जाऊनही थिजत नाही. त्यावर टेल्केश यांनी तीन-चार टक्के टाकणखार घातला, म्हणजे स्फटिकांना धरायला बी मिळतं. थरांचा प्रश्न जास्त चिवट निघाला. तरी त्या घराला अपयश म्हणणं मला मुळीच पटत नाही.

नंतर त्यांनी सौर भट्टीही केली: उष्णतारोधक पेटी, वर काच आणि काचेभोवती चारी बाजूंना चकचकीत पत्रे. आपल्या पेटीला आरसा एकच, म्हणून ती अर्ध्या-पाऊण तासाने उन्हाकडे वळवावी लागते. डबे बाहेरून काळे हवेत. डाळ-भाताला गॅसपेक्षा पाणी कमी घाला; जास्तीची वाफ काचेला आतून धरते आणि ऊन अडतं. झाकण मधेच उघडू नका. कडेचं रबर कडक झालं असेल तर ते आधी बदला, आणि दोन वाजायच्या आत डबे बाहेर काढा.

तुमची,
मनू