गप्पांमुळे गोल्फची फेरी लांबत नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वसंत ऋतू सुरू झाला की वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर गोल्फला थोडी अधिक जागा मिळू लागते. एप्रिल महिन्यात ऑगस्टा येथे मास्टर्स ही स्पर्धा होते, 1934 पासून चालत आलेली, आणि तिच्या निकालांबरोबर वर्षभराच्या इतर स्पर्धांचीही चर्चा सुरू होते. हे सारे मी आवडीने वाचतो. मात्र गोल्फ खेळणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग कोणत्याही स्पर्धेसाठी खेळत नाही. तो भाऊ, मेहुणा, मुलगी, जुना मित्र यांच्यासोबत सुटीच्या सकाळी एक फेरी खेळायला जातो. या मैत्रीच्या फेरीविषयी सहसा काही छापून येत नाही आणि मैदानांवरही अलीकडे तिच्याकडे अडथळा म्हणून पाहिले जाऊ लागले आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे खेळायला गेलो होतो: माझे थोरले बंधू, धाकट्या बहिणीचे यजमान, पुतणी आणि मी. हिवाळा नुकताच सरलेला, जमीन अजून ओलसर, उंचावरून पडलेला चेंडू आपल्याच खळग्यात रुतून बसत होता. ग्रीनवर, म्हणजे ज्यात चेंडू घालायचा त्या होलभोवतीच्या आखूड कापलेल्या हिरवळीवर, गवताच्या मुळांना हवा मिळावी म्हणून पाडलेली भोके वाळूने भरलेली होती. तिसऱ्या ग्रीनवर दव इतके दाट होते की प्रत्येक चेंडूमागे काळपट हिरवी रेघ उमटत होती. दादांचा चेंडू होलपासून दोन-अडीच फुटांवर थांबला. एवढ्या अंतरावरचा चेंडू आम्ही नेहमी सोडून देतो, म्हणजे आत गेला असेच धरतो, म्हणून मी म्हटले, “राहू द्या दादा, उचला चेंडू.” ते म्हणाले, “नको, आज टाकूनच बघतो.” पटरचे, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे हळूच ढकलायच्या दांड्याचे, डोके चेंडूमागे टेकवल्यावर ते स्थिर राहीना. पहिला पट होलच्या डावीकडून गेला, दुसरा उजवीकडून, आणि त्या दोन रेघा दवावर तशाच राहिल्या.

चौथ्या टीकडे, म्हणजे चौथ्या होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेकडे, जाणारी वाट बरीच लांब आहे. त्या वाटेवर, माझ्याकडे न बघता, दादांनी सांगितले की हाताच्या थरथरीसाठी त्यांनी डॉक्टरांना दाखवले आहे, तपासण्या झाल्या आहेत आणि आजाराचे नावही कळले आहे. वहिनींखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. गेल्या तीन महिन्यांत आमचे किमान दहा वेळा फोनवर बोलणे झाले होते, दोनदा आम्ही एका टेबलाशी समोरासमोर बसलो होतो. पण तेव्हा त्यांच्या तोंडून हे निघाले नव्हते. समोरासमोर बसले की एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते आणि उत्तर लगेच द्यावे लागते. शेजारी शेजारी चालताना तसे होत नाही. वाक्य अर्धे सोडता येते, चेंडूपाशी पोचल्यावर थांबता येते, फटका मारून झाल्यावर तेच वाक्य पुन्हा उचलता येते. आमच्या घरातल्या बऱ्याच अवघड गोष्टी अशाच चालताना बोलल्या गेल्या आहेत. त्याच फेरीत, पाचव्या होलवर, भाचीने नोकरी सोडून पुन्हा शिकायचे ठरवल्याचे भावोजींनी सांगितले आणि ते सांगताना त्यांना अभिमान वाटत होता की काळजी, हे आम्हाला नववा होल येईपर्यंत उलगडत गेले.

सातव्या होलवर मात्र मैदानाचे देखरेख करणारे गृहस्थ गाडीतून आले आणि “मागचा गट खोळंबला आहे, गप्पा आवरा आणि आटपा,” असे म्हणाले. ते आपले कर्तव्य करत होते आणि मागचा गट खरोखरच खोळंबला होता, याविषयी माझी तक्रार नाही. माझा आक्षेप आहे तो गप्पांना दोष देण्यावर. त्यानंतर दादा गप्प झाले ते फेरी संपेपर्यंत. औषधे कधी सुरू होणार, हे मला विचारायचे होते. ते मी चार दिवसांनी फोनवर विचारले आणि “ठीक आहे सगळं” एवढेच उत्तर मिळाले.

घरी आल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. प्रत्येकी सुमारे 90 फटके धरले तर चौघांचे 360 होतात. गोल्फच्या नियमांनी एका फटक्यासाठी 40 सेकंदांच्या आत खेळण्याची शिफारस केली आहे. चौघेही ही मर्यादा पाळून, पण एकमेकांची वाट पाहत, एकामागून एक खेळले तर 360 फटक्यांना 14,400 सेकंद, म्हणजे पूर्ण 4 तास लागतात आणि त्यात चालण्याचे एक पाऊलही धरलेले नाही. तेच 25 सेकंदांत उरकले तर दीड तास वाचतो. फेरी लांबते ती चेंडूपाशी पोचल्यावर, म्हणजे तीन-तीनदा हवेत दांडा फिरवून पाहणे, आपली पाळी आल्यावर मग हातमोजा शोधणे, ग्रीनवरच उभे राहून फटक्यांची बेरीज करणे, अशा गोष्टींत. बोलणे तर चालताना होते, आणि चालायचे अंतर बोललो म्हणून वाढत नाही. आमच्याही हातून त्या दिवशी हीच चूक झाली होती: दोन चेंडू आम्ही चौघांनी मिळून शोधले, आणि बाकीच्यांनी आपापला फटका मारून घ्यायचा तेवढ्यात, हे कोणालाच सुचले नाही.

2019 मध्ये नियम बदलले तेव्हा या बाबतीत बराच विचार झालेला दिसतो. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी 5 मिनिटे मिळत, आता 3 मिळतात. पट मारताना झेंडा होलमध्येच राहू देता येतो. ज्याचा चेंडू होलपासून सर्वांत दूर त्याने आधी खेळायचे ही रीत असली तरी जो तयार आहे त्याने, इतरांना धोका नसेल तर, खेळून घ्यावे यास फटक्यांच्या खेळात (ज्यात फेरीचे एकूण फटके मोजतात) आता उघड प्रोत्साहन आहे. मागचा गट वेगवान असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावे, असेही नियमच सांगतात. सातव्या होलवर त्या गृहस्थांनी “बाजूला उभे राहा, त्यांना पुढे जाऊ द्या,” असे म्हटले असते तर मागच्यांची सोय झाली असती आणि आमचे बोलणेही तुटले नसते. मैदान चालवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की त्यांनी मैत्रीच्या गटांना एवढेच सांगावे.

खेळाचा प्रकार निवडतानाही कुटुंबांनी थोडा विचार करावा, असे मला वाटते. चौघांनी चार चेंडूंनी खेळून प्रत्येक फटका मोजणे ही आपल्या हातांना लागलेली सवय आहे. मैत्रीच्या फेरीला ती मुळीच आवश्यक नाही. दोघांत एक चेंडू घेऊन आळीपाळीने मारण्याचा फोरसम्स हा जुना प्रकार आहे. त्यात टीवरून एक होल एकाने सुरू करायचा, पुढचा दुसऱ्याने. फटके निम्मे होतात, एक जण मारत असताना त्याचा जोडीदार पुढे जाऊन उभा राहू शकतो आणि वडिलांनी झाडीत घातलेला चेंडू मुलीने बाहेर काढण्याचा प्रसंग येतो, ज्याची आठवण घरात पुढे कितीतरी वर्षे निघते. स्वतंत्र चेंडूच हवे असतील तर डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांची गुणपद्धत आहे. तिची पहिली स्पर्धा 16 मे 1932 रोजी वॉलसी येथे झाली, म्हणजे तीही वसंतातलीच. पारमध्ये, म्हणजे त्या होलसाठी ठरवलेल्या फटक्यांत, होल पुरा केला तर 2 गुण, एक फटका जास्त लागला तर 1, त्याहून जास्त लागले तर शून्य. आणि शून्य ठरले की चेंडू उचलून खिशात घालायचा. नवख्या खेळाडूची एका होलवर दहा-बारा फटके मोजण्याची मानहानी त्यामुळे टळते आणि मागच्या गटाचाही वेळ जात नाही.

वयाचा आणि कौशल्याचा फरक भरून काढण्याची या खेळाची सोय तर मला फारच मोलाची वाटते. 2020 पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत, म्हणजे खेळाडूला किती फटक्यांची सवलत मिळावी हे ठरवणारी पद्धत, लागू होऊ लागली. शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी उत्तम 8 फेऱ्यांवरून खेळाडूचा आकडा ठरतो आणि स्त्री असो वा पुरुष, तो 54 पर्यंत असू शकतो. पुतणीचा हँडिकॅप 30 आहे आणि माझा 14. आम्ही दोघे समोरासमोर खेळलो तर 16 होलवर तिला एकेक फटक्याची सवलत मिळते आणि मी चांगला खेळूनही तिच्याकडून हरतो. काका मुद्दाम हरले, अशी शंका तिला येत नाही. फुटबॉल किंवा टेनिसमध्ये मला तिच्याशी असे खेळता आले असते, असे वाटत नाही.

गोल्फच्या इतिहासात घरची बातमी आणि खेळ यांची गाठ पडण्याचा एक प्रसंग आहे, तो मला त्या दिवसापासून वारंवार आठवतो. ओल्ड टॉम मॉरिस आणि यंग टॉम मॉरिस या स्कॉटिश पितापुत्रांनी प्रत्येकी चार वेळा ब्रिटनमधील ओपन स्पर्धा जिंकली. 1867 मध्ये वडील 46 व्या वर्षी विजेते ठरले, पुढच्याच वर्षी मुलगा 17 व्या वर्षी. सर्वांत वयस्क आणि सर्वांत तरुण विजेता हे त्यांचे दोन्ही विक्रम आजही अबाधित आहेत. 1869 मध्ये मुलगा पहिला आला आणि वडील दुसरे. 1875 च्या सप्टेंबरमध्ये हे दोघे नॉर्थ बेरिक येथे पार्क बंधूंविरुद्ध खेळत असताना यंग टॉम यांच्या पत्नीची प्रसूतीत प्रकृती बिघडल्याची तार आली. खाडी ओलांडून ते बोटीने घराकडे निघाले, पण पोचण्यापूर्वीच पत्नी आणि बाळ दोघेही गेल्याचे कळले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, वयाच्या 24 व्या वर्षी, यंग टॉमही गेले. त्या बोटीवर वडिलांनी मुलाला काय सांगितले असेल, हे माझ्या मनातून जात नाही. एवढे मात्र मला वाटते की आयुष्यातल्या त्या सर्वांत वाईट प्रवासात त्यांच्या शेजारी तोच माणूस होता, ज्याच्या सोबत चालायची त्यांना लहानपणापासून सवय होती.

संपादक महोदय, आपल्या क्रीडा पानावर या वसंतात स्पर्धांच्या निकालांसोबत मैत्रीच्या फेरीलाही जागा द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फोरसम्स कसे खेळतात, हँडिकॅप कसा काढतात, ओल्या जमिनीत रुतलेला चेंडू दंडाशिवाय उचलून पुसता येतो का (फेअरवेवर आणि उंच गवतातही येतो, वाळूच्या बंकरमध्ये येत नाही), अशा साध्या गोष्टी कोणी नीट समजावून लिहिल्या, तर भीतीपोटी दूर राहिलेली कितीतरी घरची माणसे एकत्र खेळायला येतील. मैदानांनीही संध्याकाळच्या वेळी नऊ होलच्या फेऱ्या कुटुंबांसाठी राखून ठेवाव्यात. नऊ होलचा निकाल हँडिकॅपसाठी धरला जातोच.

येत्या रविवारी आम्ही चौघे पुन्हा जाणार आहोत, फक्त नऊ होल, दोघांत एक चेंडू. दादांनी पटरला जाड मूठ बसवून घेतली आहे आणि जोडीदार म्हणून पुतणीला मागून घेतले आहे. लांबचे फटके ती मारणार आणि होलजवळचे आपण, असे त्यांनी तिला बजावले होते. पण फटके आळीपाळीनेच मारावे लागतात, हे तिने त्यांना नियमावली उघडून दाखवले. आजाराविषयी दादा तिला अजून काही बोललेले नाहीत. चौथ्या टीकडे जाणाऱ्या त्या लांब वाटेवर त्या दोघांना थोडे पुढे जाऊ द्यायचे, असे भावोजींनी आणि मी ठरवले आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक